टपावरचं ओझं

पुण्याहून निघून हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या काझाला पोचेपर्यंतचे आठ दिवस मी इथे लिहीत नाही. नाकोचं तळं, ताबोचा 996 सालचा मठ, सतलजच्या कडेकडेने जाणारा तो रस्ता, सगळं मनसोक्त बघितलं आणि फोटोही शेकड्यांनी काढले. पण लिहायला बसलो ते काझाहून मनालीकडे येताना लागणाऱ्या बातल आणि छत्रू यांच्या मधल्या एका नाल्यातल्या दगडासाठी. त्या दगडावर माझी गाडी उलटता उलटता राहिली. चूक सर्वस्वी माझी होती, आणि ती पुण्यातच झाली होती.

माझी जिप्सी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. दोन वर्षं पै-पै साठवून मी ती सजवली. पाट्यांखाली, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांखाली, गाडी उंच करणारी दोन इंचांची लिफ्ट किट, मोठे टायर, टपावर लोखंडी कॅरिअर. कॅरिअरवर तंबू, पेट्रोलचे वीस-वीस लिटरचे दोन जेरीकॅन आणि एक जादा स्टेपनी. दारात उभी असली की येणारा-जाणारा वळून बघायचा. मला ते फार आवडायचं, हे कबूल करतो. गाडीत मागे जागा शिल्लक होती, तरी सामान टपावर चढवलं, कारण मागे पाय पसरून झोपता आलं पाहिजे असं माझं म्हणणं होतं.

सोबत माझा मावसभाऊ होता, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मी त्याला दादाच म्हणतो. कराडकडे त्याची ऊसशेती आहे आणि वयाच्या चौदाव्या वर्षापासून तो ट्रॅक्टर चालवतो. निघताना त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, कॅरिअर धरून गाडी आडवी हलवली आणि एवढंच म्हणाला, “वर लई झालंय रं.” मी म्हटलं, “दादा, सगळं पक्कं बांधलंय.” बांधण्याचा प्रश्नच नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही.

लोसरहून कुंझुम खिंडीचा चढ लागला तेव्हा पहिली खूण मिळाली. उभ्या वळणांवर स्टिअरिंग हातात एकदम हलकं लागायला लागलं. चाक वळवावं तर गाडी क्षणभर सरळच जायची, मग वळायची. दादा म्हणाला, “गाडी उलाळ झालीया. म्होरली चाकं हलकी पडल्यात.” उलाळ हा शब्द मी लहानपणी आजोबांकडून ऐकला होता. बैलगाडीत मागे जास्त भरलं की जू वर उचलायला बघतं आणि बैलांच्या माना ताणल्या जातात, ती गाडी उलाळ. माझ्या गाडीची एक स्टेपनी मागच्या दारावर, दुसरी टपाच्या मागच्या टोकाला, जेरीकॅनही तिथेच. चढावर हे सगळं मागच्या चाकांवर रेलत होतं आणि पुढच्या चाकांना जमिनीत रुतायला वजनच उरत नव्हतं. ऐकलं आणि सोडून दिलं. 4,551 मीटरवर वारा एवढा होता की दादाने टोपी हाताने धरून ठेवली. खिंडीतल्या देवीला प्रदक्षिणा घातली आणि उतरलो.

बातलला राजमा-चावल खाल्ला. ढाब्यावर मिळालेली ती गरम थाळी आणि वर विचारून विचारून वाढलेला भात मी विसरणार नाही. घाट-माथ्यावरच्या कुठल्याही पंचतारांकित हॉटेलापेक्षा मी त्या थाळीला वरचं पान देईन. पण निघायला उशीर झाला होता. इथले नाले हिमनद्यांचं वितळलेलं पाणी घेऊन येतात, त्यामुळे सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्यापर्यंत चढतं. आम्ही नाल्यावर पोचलो तेव्हा दोन वाजले होते.

रस्ता म्हणावा असं तिथे काही नव्हतं. नुसते गोटे, मधून फेसाळणारं गढूळ पाणी, आणि सगळी जमीन एका बाजूला कललेली. उतार माझ्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूला. गाडी फोर-लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद मिळते त्या गिअरमध्ये, टाकली, पहिला गिअर, क्लचवरून पाय काढला. पाण्यातून निम्मं अंतर गेलो. मग वरच्या, दादाच्या बाजूचं पुढचं चाक एका दगडावर चढलं, आणि त्याच्यामागे मागचंही चढलं.

मी फोनवर कल मोजायचं ॲप लावून ठेवलं होतं. जमीन चौदा-पंधरा अंश कललेली होती. गाडीच्या दोन चाकांमधलं आडवं अंतर 130 सेंटिमीटर. वरच्या बाजूची चाकं तीस सेंटिमीटर दगडावर चढली की आणखी तेरा अंश मिळतात. ॲपवर 28 दिसले. आकडा काही भयंकर नव्हता. भयंकर होतं ते त्यानंतरचं. दगडावरून धक्का बसला आणि टपावरचं ओझं उताराकडे झुललं. खालच्या बाजूचे पाटे दबले, वरच्या बाजूचे उघडले, म्हणजे जमीन जेवढी कलली होती त्याच्याहून गाडीचं अंग जास्त कललं. माझ्या खिडकीत आता फक्त पाणी दिसत होतं. दादाच्या बाजूचं मागचं चाक हवेत सुटलं. त्या चाकाचा घरघर आवाज थांबला आणि ते मोकळं फिरायला लागलं, ते मला ऐकू आलं.

मी ओरडलो, “दादा, उतर तू! उडी मार!”

“म्या उतारलो तर माझं वझं जाईल,” दादा म्हणाला. आवाज अगदी रोजचा, बांधावर उभं राहून बोलावं तसा. “तू ब्रेक धर. हलू नगस.”

त्याने हळूच दार उघडलं, कॅरिअरची लोखंडी पट्टी धरली, पायरीवर उभा राहिला आणि सगळं अंग वरच्या बाजूला मागे टाकलं. ऐंशी किलोचा माणूस, चाकांच्याही बाहेर लोंबकळणारा. गाडी कण्हल्यासारखी करकरली आणि सुटलेलं चाक दगडावर टेकलं. त्याच्या हाताच्या शिरा मला दिसत होत्या. थंड पाणी त्याच्या पायांवर उडत होतं. ऊसाची ट्रॉली बांधावरून कलताना त्याने किती वेळा असा भार दिला असेल कोण जाणे. मी रिव्हर्स टाकला आणि क्लच न दाबता, ज्या वाटेने आलो त्याच वाटेने, वीतवीत मागे घेतली. पुढे काय आहे ते माहीत नव्हतं, मागचं माहीत होतं. दोन्ही चाकं दगडावरून उतरली तेव्हा माझे गुडघे थरथरत होते. दादा खाली उतरला, पाण्यात उभा राहिला आणि पहिली गोष्ट त्याने केली ती म्हणजे माझ्या खिडकीपाशी येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्याला उडी मारायला सांगणं किती चुकीचं होतं, हे नंतर रात्रभर डोक्यात घुमत राहिलं. मी त्याला वाचवायला बघत होतो आणि तो उतरता तर गाडी माझ्यासकट गेली असती.

मागून एक पिकअप आली. त्यातले दोघे स्थानिक ड्रायव्हर काही न विचारता उतरले आणि आमच्याबरोबर टप रिकामा करायला लागले. एका जेरीकॅनचं पेट्रोल गाडीच्या टाकीत ओतलं, दुसरा त्यांनी छत्रूपर्यंत स्वतःच्या हौद्यात घेतला. जादा स्टेपनी पुढच्या सीटांच्या मागे जमिनीवर आडवी, तिच्यावर तंबू, वरून पट्टा. पैसे विचारले तर त्यांनी हात जोडले. रिकामं कॅरिअर टपावर होतं ते काढायला पाने नव्हते, म्हणून राहिलं.

मग मी तोच दगड पुन्हा घेतला. चुकवता आला असता, पण मला बघायचं होतं. पिकअपवाले आणि दादा वरच्या बाजूला उभे. ॲपवर पुन्हा 28. गाडी कलली, पण झुलली नाही. चारही चाकं दगडाला धरून, शांतपणे, पलीकडे. तीच गाडी, तोच दगड, तोच कोन, आणि हातांत जाणवत होतं की हे वाहन निराळं आहे.

छत्रूला रात्री मी वहीवर हिशोब मांडला. शाळेच्या पुस्तकातला गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू. माणसं आणि आतलं सामान धरून गाडी 1330 किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अंदाजे 68 सेंटिमीटर. टपावर कॅरिअर, तंबू, स्टेपनी, पेट्रोल मिळून 150 किलो, दोन मीटरच्या वर. एकूण वजनाचा दहावा हिस्सा, पण गुरुत्वमध्य 68 वरून 82 वर गेला होता. चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग म्हणजे 65. गाडी कुठवर उभी राहणार ते या दोन आकड्यांवर ठरतं. 68 ला ती कागदावर जवळजवळ 44 अंशांपर्यंत टिकते, 82 ला 38 पर्यंत. हे झालं गाडी एकसंध दगडाची आहे असं धरून. पाटे दबतात, टायर चेपतात, दगडाचा धक्का बसतो, आणि कागदावरचे अंश भराभर उडून जातात. माझ्याकडे दहा अंश शिल्लक असायला हवे होते, प्रत्यक्षात एकही नव्हता. सामान खाली घेतल्यावर हिशोब 72 वर आला.

लोक टायर किती मोठे, लिफ्ट किती इंच हे विचारतात. मीही विचारायचो. लिफ्टने दगड पोटाला लागत नाही हे खरं, पण तेवढीच गाडी वर उचलली जाते आणि चाकांमधलं अंतर तसंच राहतं. चाकं बाहेर काढायला त्यांच्यामागे स्पेसरच्या चकत्या लावाव्यात, तर बेअरिंगवर भार वाढतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, कंपनीने दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. हे मला किट बसवताना कोणी सांगितलं नाही, पण मीही विचारलं नव्हतं. ते विचारणं माझं काम होतं.

मनालीहून पुण्यापर्यंतचा परतीचा रस्ता पाच दिवसांत कापला. दुसऱ्याच रविवारी किट उतरवली आणि मूळचे पाटे बसवले. कॅरिअर काढलं. पाण्याची टाकी आता मागच्या सीटच्या जागी, जमिनीवर, दोन्ही आसांच्या मधोमध येते. हत्यारांची पेटी सीटखाली. तंबू विकला आणि जमिनीवर लावायचा साधा घेतला, साडेतीन किलोचा. मग गाडी भरून गावाकडच्या वजनकाट्यावर नेली. आधी पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, अशी दोनदा मोजली. दादा काट्याच्या खिडकीपाशी उभा राहून आकडा वाचत होता. पुढे-मागे जवळपास सारखं पडलं. त्याने पावती घडी करून माझ्या खिशात घातली आणि विचारलं, “पिन खोऱ्यात कधी जायचं म्हणालास?”