कूलिंग कॉइल बदलली आणि ऑटो एसी बिघडला: माझा अनुभव

नागपुरात मे महिन्यात गाडीचा एसी गेला तर काय हाल होतात ते इथल्या लोकांना सांगायला नको. आमच्या गाडीची कूलिंग कॉइल लीक झाली, सर्व्हिस सेंटरवाल्यांनी अख्खा डॅशबोर्ड उतरवून नवीन टाकली, गॅस भरला, एसी पहिल्यासारखा गारेगार. इथपर्यंत सगळं ठीक.

पण ऑटो मोड वेड्यासारखा वागायला लागला. आधी २४ लावून सोडून दिलं की परत बघायची गरज नसायची, सुरुवातीला ब्लोअर जोरात आणि गाडी थंड झाली की आपोआप हळू. आता ब्लोअर खाली यायलाच तयार नाही. अमरावतीला जाताना कोंढाळी येईपर्यंत आईनं पिशवीतून शाल काढून गुडघ्यांवर घेतली, बाहेर रस्ता तापलेला आणि आत आम्ही कुडकुडतोय, स्क्रीनवर मात्र २४ च. २८ केलं तेव्हा कुठं बरं वाटलं, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्याच २८ वर उकडायला लागलं. त्यात या गाडीत एसीला नॉब नाही, ब्लोअर कमी करायचा तरी टचस्क्रीनमध्ये शिरा, समोर ट्रक आणि नजर स्क्रीनवर, हे मला अजिबात पटत नाही. गाड्यांच्या सुरक्षिततेला मार्क देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप संस्थेनं २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर वगैरेंना खरी बटणं नसतील तर मार्क कापायचं ठरवलंय, त्यात एसी पण हवा होता.

सर्व्हिस सेंटरला गेलो तर ॲडव्हायझर म्हणाला, "सर, कूलिंग तर मस्त येतंय, मग प्रॉब्लेम काय?" अहो कूलिंग येतंय हाच तर प्रॉब्लेम आहे, थांबत नाहीये! त्यांनी सकाळी सावलीत गाडी चेक केली, सगळं ओके दाखवलं. पुढच्या वेळी म्हणे सॉफ्टवेअर अपडेट करू, मग म्हणे गॅस काढून परत भरू, त्याचे पैसे वेगळे. मी नाही म्हटलं. कारण ऑटो बंद करून टेम्परेचर एकदम लो केलं की व्हेंटमधून मस्त थंड हवा येत होती, ब्लोअर हातानं कमीजास्त केला तर नीट ऐकत होता. म्हणजे गॅस, कॉम्प्रेसर, ब्लोअर सगळं चांगलं, चुकतंय ते आत किती गरम आहे हे समजण्यात.

शेवटी मित्रानं सांगितलेल्या एका जुन्या एसी मेकॅनिककडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, "भाऊ, डॅशबोर्ड उघडला होता का इतक्यात?" हो म्हटल्यावर त्यांनी टिश्यू पेपरचा छोटा तुकडा फाडला, ब्लोअर फुल केला आणि स्टिअरिंगच्या बाजूला जी बारीक जाळी असते ना, कुणाचं लक्षही जात नाही, तिला तो लावला. तुकडा सरळ खाली पडला. "चिकटायला पाहिजे होता न भाऊ, हवा ओढत नाही आहे."

त्या जाळीमागे केबिनचा सेन्सर असतो, छोटा थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा पार्ट. त्याच्यामागून एक नळी एसीच्या बॉक्सला जाते, ब्लोअर चालला की नळीत ओढ तयार होते आणि केबिनमधली हवा सेन्सरवरून जात राहते. आमची नळी बॉक्सच्या टोकाला निघून लोंबत होती, कॉइल बदलताना परत लावलीच नव्हती. त्यामुळे सेन्सरला केबिनची नाही, उन्हानं तापलेल्या डॅशबोर्डच्या आतली हवा लागत होती. गाडीला वाटायचं अजून गरमच आहे, म्हणून ती थंड करत सुटायची. ऊन उतरलं की का बदलायचं आणि सावलीत का ओके दिसायचं ते तेव्हा कळलं. खालचं कव्हर काढून नळी बसवली, परत टिश्यू लावला, टपकन चिकटला. काम एवढंच! सर्व्हिस सेंटरला जाऊन मी हे जॉब कार्डवर लिहून घ्यायला लावलं, कारण पुढच्या माणसाकडून गॅसचे पैसे घेतले जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

काही गाड्यांत नळीऐवजी सेन्सरमागे छोटा पंखा असतो, तो धुळीनं जाम झाला तरी असाच त्रास होतो, तेव्हा गॅस भरायला हो म्हणायच्या आधी ती जाळी बघायला सांगा.