मागे मादी उभी होती

गणपतीत आमच्या मुलुंडच्या घरी पंचवीस-तीस माणसं येऊन जातात आणि दरवर्षी कुणीतरी तो विषय काढतंच. "अरे, तू तिकडे कोलोरॅडोत शिकारीला जायचास ना? किती मारलीस?" मी खरं ते सांगतो. २०१४ ते २०१९, सहा मोसम, एल्क नावाच्या मोठ्या हरणाची एक मादी. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि गप्पा गाडीच्या पार्किंगवर जातात. आत्या तेवढ्यात आतून ओरडतेच, "बाप्पा घरात आहे, रक्ताच्या गप्पा बाहेर जाऊन करा!" (स्वतः मात्र विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मासळीबाजारात हजर असते.)

यंदा विचारणारा माझा भाचा होता. वय १७. गेली दोन वर्षं कंपाउंड धनुष्य (टोकांना कप्प्या असलेलं) चालवतो. फोनच्या वॉलपेपरवर नागपूरचा ओजस देवतळे, २०२३ च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारणारा. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी जगज्जेती झाली, त्यामुळे आमच्या चिरंजीवांना वाटतं आपल्याला थोडा उशीरच झालाय. त्याला मी २०१९ ची गोष्ट सांगितली, की २५ मीटरवर मोठा नर उभा होता, बाण लावलेला होता, दोरी ओढलेली होती आणि मी बाण सोडला नाही. तो हसला. "मामा, आम्ही ५० मीटरवर ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात मारतो. तुझ्या त्या एल्कचं फुप्फुस केवढं असतं?"

केवढं म्हणजे, आडवं उभं असेल तर मध्यम परातीएवढं.

"मग?"

त्या "मग?"चं उत्तर जेवणाच्या पंगतीत देता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना एल्क माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: आपल्या नॅशनल पार्कातल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ समजा. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो. सप्टेंबर हा त्यांच्या माजाचा महिना, म्हणजे इकडे ढोल-ताशे वाजत असतात तेव्हा तिकडे नर डोंगर दणाणून सोडतात. तो आवाज कसा? लग्नात सनईवाल्याने पहिलाच सूर वर ताणावा, तो टोकाला जाऊन फाटावा आणि मग त्याने दोन-चार खोकल्या काढाव्यात, तसा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या पाठीवर काटा आला होता. धनुष्याचा मोसमही त्याच महिन्यात असतो. परवाना काढायचा, त्याआधी शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स करून कार्ड मिळवायचं, आणि एका परवान्यावर एकच जनावर. मांस टाकून देणं तिथे गुन्हा आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते उत्तमच झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. परत आल्यापासून मी फक्त फोमच्या टार्गेटवर बाण मारतो.

आता भाच्याचं गणित. टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ हुकलं तर नऊ गुण मिळतात. एल्कच्या अंगावर नऊ म्हणजे पोट किंवा खांदा. गोळीच्या धक्क्याने जनावर जागीच कोसळू शकतं, बाणाला तसला धक्का नसतो. त्याची पाती आतून कापत जाते आणि जनावर रक्तस्रावाने मरतं. दोन्ही फुप्फुसांतून गेला तर काही सेकंदांचा खेळ. पोटात गेला तर ते तासन् तास तडफडतं आणि तुम्ही आठ-दहा तास त्याच्या मागेही जायचं नसतं, कारण उठवलंत तर ते आणखी लांब जाऊन मरतं आणि सापडत नाही.

दुसरं म्हणजे टार्गेट चालत नाही. माझ्या धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर वेगाने सुटायचा. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण ५५ मीटरवर पोहोचायला त्याला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी जनावराच्या कानात गेलेला असतो. सावकाश चरत चालणारं एल्कसुद्धा तेवढ्यात अर्धा-पाऊण मीटर पुढे सरकतं. म्हणजे तुम्ही फुप्फुसावर नेम धरून अचूक मारलंत, हात हलला नाही, काही चुकलं नाही, तरी बाण पोटात. म्हणून माझी हद्द मी ३५ मीटरची ठेवली होती. मैदानावर मी ६० मीटरवरही बरा मारायचो, पण ६० मीटरचा माझा हात त्या जनावराच्या काय कामाचा?

ती हद्द पाळायची अक्कल मला पुस्तकातून आलेली नाही. २०१७ साली मी एक मादी गमावली.

हे मी घरात फारसं सांगत नाही. ४० मीटरवर होती ती, माझ्याच हद्दीच्या बाहेर, आणि किंचित माझ्याकडे वळलेली. तीन दिवस डोंगर चढून काही दिसलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. मनात आलं ते जसंच्या तसं लिहितो: "एवढं तर जमेलच." मी बाण सोडला आणि नेमकं तेव्हाच ती आणखी माझ्याकडे वळली. लाकडावर ठोकल्यासारखा "टक्" आवाज आला. तो आवाज ऐकला आणि मला कळलं. खांद्याचं हाड. फुप्फुसात बाण गेला तर शांत, ओलसर आवाज येतो आणि मागे जमिनीवर गुलाबी, फेसाळ रक्त सापडतं. इथे गडद लाल थेंब होते, एकेक, हातभर अंतराने.

माझ्या शेजारचे आजोबा, ज्यांनी मला हे सगळं शिकवलं, ते फोनवर काही बोलले नाहीत. दोन तासांची ड्राइव्ह करून आले. आम्ही गुडघ्यांवर बसून थेंब शोधत होतो आणि सापडलेल्या प्रत्येक थेंबापाशी टिश्यू पेपरचा तुकडा अडकवत होतो. मागे वळून बघितलं तर झाडांमधून पांढऱ्या तुकड्यांची रांग दिसायची, तिची दिशा दिसायची. चारशे पावलांवर रांग संपली. तिथून पुढे आम्ही गोल गोल फिरलो, संध्याकाळपर्यंत, आणि ऑफिस बुडवून दुसरा पूर्ण दिवस. कावळे बघितले, ओढे बघितले. नाही सापडली. जगलीही असेल, खांद्याच्या वरच्या मांसात घुसलेल्या बाणाने जनावरं जगतात. पण हे मी स्वतःची समजूत काढायला म्हणतो.

माझा परवाना कायद्याने शिल्लक होता, जनावर हाती लागलं नव्हतं ना. आजोबांनी फक्त विचारलं, "तुझा मोसम संपला ना?" संपला होता. तिथले पुष्कळ जुने शिकारी असंच धरतात. जखमी करून हरवलेलं जनावर तुमच्याच नावावर. कुणी तपासायला येत नाही. मी परवाना ड्रॉवरमध्ये ठेवला आणि उरलेल्या दोन आठवड्यांत धनुष्याला हात लावला नाही.

तर २०१९. फ्लॅट टॉप्सचा डोंगराळ भाग, दहा हजार फूट उंची. मुलुंडमध्ये वाढलेल्या माणसाची फुप्फुसं तिथे पहिल्या चढाला संप पुकारतात. अॅस्पेनची झाडं पिवळी झाली होती. संध्याकाळची वेळ, सूर्य गेला की हवा थंड होऊन उतारावरून खाली वाहू लागते, म्हणून आमचा वास त्याच्याकडे जाऊ नये अशा बेताने आम्ही नराच्या खालच्या बाजूला बसलो. माझ्या गळ्यात मक्याच्या पिठाची छोटी बाटली होती, दर दोन मिनिटांनी एक फुंकर उडवायची आणि पीठ कुठे जातं ते बघायचं. आजोबा साठ-सत्तर मीटर मागे बसून मादीचा आवाज काढत होते.

तो आला. आधी शिंगं दिसली, झाडांच्या फांद्या चालत याव्यात तशी, मग मान. तो पुढचं झाड ओलांडत असताना मी दोरी ओढली. २५ मीटरवर येऊन थांबला तो सरळ माझ्याकडे छाती करून. आवाज कुठून येतोय ते शोधत होता. समोरून मारायला मानेखाली नारळाएवढी जागा असते. काही शिकारी मारतात, जवळून मारतात आणि त्यांना जमतंही. माझ्या डोक्यात तो "टक्" होता. मी थांबलो.

कंपाउंड धनुष्याचं बरं असतं, ६२ पौंडांची ओढ शेवटी बारा-तेरा पौंडांवर येते, म्हणजे सहाएक किलो. पण सहा किलो हनुवटीपाशी धरून एक मिनिट उभं राहून बघा. खांदा जळायला लागतो, मग कोपर, मग नेम धरायच्या साईटचा हिरवा ठिपका जनावराच्या अंगभर फिरायला लागतो.

आणि मग तो वळला. अगदी चित्रात दाखवतात तसा आडवा, पुढचा पाय पुढे, बरगड्या उघड्या. २५ मीटर. माझ्या हद्दीत. उजेड होता, वारा चांगला होता. ठिपका खांद्याच्या मागे बसला. अंगठा दोरी सोडायच्या बटणावर गेला. तेव्हा त्याच्या पोटाखालून मला चार बारीक पाय जास्तीचे दिसले.

त्याच्या मागे मादी उभी होती. पूर्ण झाकलेली, फक्त पाय आणि कानाचं एक टोक. एवढ्या अंतरावर फुप्फुसांतून गेलेला बाण बहुतेक वेळा पलीकडे बाहेर पडतो आणि पुढे जातो. बाहेर पडल्यावर तो कुठे जाईल ते माझ्या हातात नव्हतं. ती हलेल म्हणून मी वाट बघितली. किती वेळ ते सांगता येत नाही, आजोबा म्हणतात एकूण दीड मिनिट मी दोरी धरून होतो. ती हलली नाही. माझा हात थरथरायला लागला.

बाण न सोडता दोरी हळूच परत नेणं हे ओढण्याहून कठीण. थोडी पुढे गेली की अख्खे ६२ पौंड एकदम अंगावर येतात आणि हात झटक्याने पुढे खेचला जातो. तो झटका त्याने बघितला. एकदा भुंकल्यासारखा आवाज केला आणि दोघंही गेली. फांद्या मोडल्याचा आवाज खूप वेळ येत होता.

आजोबा आले. मी म्हटलं, "मागे मादी होती." त्यांनी विचारलं, "कुठे?" आणि तिकडे चालत गेले. ओल्या मातीत दोघांचे खूर उमटले होते. नराच्या खुरांपासून मादीच्या खुरांपर्यंत त्यांनी पावलं मोजली. दोन. मग म्हणाले, चहा घेऊ.

भाच्याला हे सगळं सांगून झाल्यावर तो जरा गप्प बसला. मला वाटलं, पटलं. मग म्हणाला, "पण मामा, हाडाला लागून बाण आतच राहिला असता तर?"

राहिला असता कदाचित. तेही शक्य होतं.

"मग मारायला हवा होतास," तो म्हणाला आणि मोदक आणायला उठला.

रविवारी त्याला मैदानावर नेऊन सांगितलं, आज एकही बाण सोडायचा नाही. ओढायचं, तीस सेकंद धरायचं, हळूच परत आणायचं. वीस वेळा. सातव्या वेळेला वैतागला, अकराव्याला म्हणाला खांदा गेला. तरी वीस पूर्ण केले. गाडीत बसल्यावर म्हणाला, याचा स्कोअर कसा लिहायचा?