नाकाची म्हणून घेतलेली स्लाइड

मंडळी, घरच्या मायक्रोस्कोपखाली बघायला नाकाची म्हणून घेतलेल्या एका स्लाइडची ही गोष्ट. पण आधी गालाच्या आतल्या पेशींचं सांगतो, कारण तिथे मी तीन आठवडे अडकलो होतो. मेथिलीन ब्लू, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून लावायचा निळा रंग, इतकं घट्ट बसायचं की सगळी फील्ड (भिंगातून दिसणारं वर्तुळ) शाई सांडल्यासारखी. मत्स्यालयाच्या दुकानात माशांसाठी मिळतं तेच घेतलंय, ते पाण्यात चांगलं पातळ केलं, थेंब टाकून मिनिटभर थांबलो आणि कव्हरस्लिपच्या (वरच्या पातळ काचेच्या) कडेला टिश्यू पेपर लावून जादा रंग ओढून घेतला, झालं काम. आधी चुळा मात्र खळखळून भरा, नाहीतर पोह्यातली कोथिंबीर पेशी म्हणून बघत बसाल (मी बसलोय).

४० पटीच्या ऑब्जेक्टिव्ह भिंगाखाली माझी फील्ड साधारण ०.४५ मिमी आहे आणि त्यात एका ओळीत सात-आठ पेशी मावतात, म्हणजे एकेक ६० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) आसपास. चपट्या, कडा दुमडलेल्या, मधे केंद्रक, आणि वर बॅक्टेरिया राईसारखे भुरभुरलेले. गालाच्या आवरणावर केराटिनचा (नखांत असतं तेच प्रथिन) कडक थर नसतो म्हणून वरून गळून पडणाऱ्या पेशीतसुद्धा केंद्रक दिसतं. टाळूच्या पुढच्या कडक भागावर घास रगडला जातो, तिथे मात्र केराटिन आहे. कापसाच्या काडीने तिथलं घेतलं तर बऱ्याच पेशी बिनकेंद्रकाच्या निघाल्या. एकाच तोंडात दोन तऱ्हा, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला भारी वाटतं.

आता ती स्लाइड. ऑनलाइन मागवली, एच अँड ई स्टेन (जांभळ्या-गुलाबी रंगांची नेहमीची जोडी), लेबलवर ‘नाक’. पहिल्या रात्री मी जाम खूश. अस्तरातली केंद्रकं खालीवर असल्यामुळे चार-पाच थर असल्यासारखं वाटतं पण थर एकच, सगळ्या पेशींचे पाय खालच्या पडद्यावर टेकलेले, फक्त काहींची डोकी वरपर्यंत पोचत नाहीत. मधेमधे शेंबूड बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी, त्यांच्यातला शेंबूड या स्टेनमध्ये नीट रंग घेत नाही त्यामुळे त्या रिकाम्या पेल्यासारख्या फिकट दिसतात. ऑइल इमर्शनला (तेलाचा थेंब लावून वापरायच्या मोठ्या भिंगाला) वरच्या कडेला सिलियांची, म्हणजे हलणाऱ्या बारीक केसांची, झालर, प्रत्येक केस ५ ते ७ मायक्रॉनचा आणि एका पेशीवर असे साधारण २००. खाली निळसर कूर्चा. मी वहीत लिहून मोकळा, ‘नाकाचा पडदा’.

मग ग्रुपवर फोटो टाकला तर एकाने एवढंच विचारलं, कूर्चेच्या पलीकडे काय आहे? अरे हो की! नाकाचा पडदा म्हणजे मधे कूर्चा आणि दोन्ही बाजूंना अस्तर, माझ्याकडे अस्तर एकाच बाजूला आणि पलीकडे नुसती चरबी आणि सैल धागे. शिवाय नाकाच्या अस्तराखाली पातळ भिंतीच्या मोठमोठ्या शिरा असतात, सर्दीत त्याच फुगतात आणि नाक चोंदतं, त्याही इथे दिसेनात. म्हणजे ही श्वासनलिका! नाक आणि श्वासनलिका, दोन्हीकडे एपिथेलियम (वरचं अस्तर) त्याच जातीचं, म्हणून फसलो. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, सर श्वासाचंच आहे ना ते. काय बोलणार.

पण त्या मेलेल्या झालरीवर समाधान होईना. स्वतःचं नाक आतून खरवडायचं नाही, हा माझा नियम आहे आणि तुमचाही असू दे. त्याऐवजी रविवारी बाजारातून जिवंत तिसऱ्या आणल्या, एक उघडून कल्ल्याचा नखाएवढा तुकडा शिंपल्यातल्याच खाऱ्या पाण्यात ठेवला. साधं पाणी घालू नका, लगेच मरतं सगळं. उजेड कमी करण्यासाठी मायक्रोस्कोपचा डायफ्रॅम (उजेड आत सोडणारी झडप) बराच बंद केला आणि दिसलं, कडेने लाटा धावतायत, वाऱ्यावर भाताचं शेत हलावं तशा, आणि पाण्यातला कचरा एकाच दिशेने सरकतोय. आपल्या नाकातही हेच, सेकंदाला दहा-बारा फटके आणि शेंबडाची चादर हळूहळू घशाकडे. अर्धा तास मान वर केली नाही. आई स्वयंपाकघरातून दोनदा ओरडली की उरलेल्या तिसऱ्या दे, वाटण तयार आहे.

खऱ्या नाकाची स्लाइड अजून शोधतोय. कुणाकडे वास घेणाऱ्या भागाची असेल तर सांगा, तिथे गॉब्लेट पेशी नसतात, मला तेच बघायचंय. या स्लाइडचं लेबल मी पेनने खोडून ‘श्वासनलिका’ केलंय.