स्टार्च-ताग शीट: सहाव्या घाण्यापर्यंतची नोंद

कॉर्नफ्लोअरच्या खळीत तागाचे धागे घालून वाळवलेली ही पातळ शीट; घाणा म्हणजे एका वेळी केलेलं मिश्रण. तागाने शीटला खरंच बळ दिलंय की नाही, हे ती मोडल्यावर कळतं. मोडलेल्या कडेवर भिंग धरा. चार-पाच मिलिमीटर लांबीचे गुळगुळीत, उघडे धागे बाहेर डोकावत असतील तर धागा तुटलेला नाही, तो खळीतून नुसता निसटून आलाय. पहिल्या दोन घाण्यांत हेच दिसत होतं. चौथ्यात धागे कडेलाच तुटले, टोकं पिंजलेली आणि त्यांना खळ चिकटलेली.

प्रमाण पाचव्या घाण्यापर्यंत एकच: कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम, पाणी १०० मिली, ग्लिसरीन ३ ग्रॅम, ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर ५ मिली, ताग ०.८ ग्रॅम. ग्लिसरीन वजनानेच घ्या. ३ मिली मोजलं तर ते जवळजवळ पावणेचार ग्रॅम भरतं आणि शीट दमट हवेत चिकचिकते. २ ग्रॅमच्या खाली गेलात तर वाळतानाच तडे.

चौथ्यात फरक पडला तो ताग सोड्यात धुण्याने. कच्च्या धाग्यावर मेण, पेक्टिन आणि हेमिसेल्युलोज (वनस्पतीतले धागे जोडून ठेवणारे घटक) असतं, त्यामुळे खळ नीट धरत नाही. ९५ मिली पाण्यात ५ ग्रॅम कॉस्टिक सोडा, त्यात ५ ग्रॅम ताग दोन तास. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. द्रावण तापतं आणि उसळू शकतं. गॉगल आणि हातमोजे हवेतच. भांडं स्टीलचं घ्या, अ‍ॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन सुटतो. पाणी तपकिरी होतं, ते चांगलंच. मग पाच-सहा पाण्यांतून धुवा, शेवटच्या आधीच्या पाण्यात व्हिनेगरचे थेंब, पीएच पेपरवर ७ येईपर्यंत. तिसऱ्या घाण्याचा ताग १० टक्के सोड्यात रात्रभर ठेवला होता: धागा मऊ झाला, पण बोटांनी ओढला तरी तुटत होता. जास्त सोडा सेल्युलोजलाच, म्हणजे धाग्याला ताकद देणाऱ्या घटकालाच, इजा करतो.

धागे ६ ते ८ मिलिमीटर कापा. २० मिलिमीटरचे ढवळताना गोळा होतात. कापलेले धागे पाण्यात दहा मिनिटं उकळून आतली हवा काढा, निथळा आणि गार मिश्रणातच घाला. आळलेल्या खळीत टाकलेल्या धाग्यांच्या गुठळ्या नंतर सुटत नाहीत.

मंद आचेवर सतत ढवळा, स्टार्च तळाला बसतो. ६५ अंशांच्या पुढे आळायला लागतं. ८५ ते ९० वर आठ-दहा मिनिटं ठेवा. दुधासारखा पांढरेपणा जाऊन अर्धपारदर्शक व्हायला हवं. घाई केली तर पांढरे कण राहतात आणि शीट तिथूनच फाटते. व्हिनेगर वाढवू नका, आम्ल आणि उष्णता मिळून स्टार्चच्या साखळ्या तोडतात. झाकून पाच मिनिटं ठेवा, मगच ओता.

२० × २० सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये सिलिकॉन शीटवर ओतलं की वाळल्यावर साधारण पाव मिलिमीटर जाडी मिळते. काचेवर ओतू नका, आकसताना चिकटून फाटतं. ४५ अंशांत दिवसभर वाळवा. पंखा थेट नको: वरचा पापुद्रा आधी आकसतो आणि कडा वळतात. चामड्यासारखी झाली की सोडवून दोन जाळ्यांमध्ये हलक्या वजनाखाली ठेवा.

पाचव्यात तागाऐवजी काथ्या वापरला. तो पाव मिलिमीटरच्या शीटला जाडच पडतो, धागे वर उठून राहतात. सहाव्यात ताग १.५ ग्रॅम केला तेव्हा खळ पुरली नाही. मोडलेल्या कडेवर कोरडे झुपके, मध्ये पोकळ्या, आणि निसटलेले धागे पुन्हा दिसले.

तुलना करताना सगळ्या पट्ट्या एकाच वयाच्या घ्या, सात दिवसांच्या, आणि एकाच डब्यात ठेवलेल्या. स्टार्च काही आठवड्यांत आपोआप कडक होत जातो. जुनी पट्टी ताठ लागली तर श्रेय तागाला देऊ नका. तासभर पाण्यात ठेवलेली शीट, ताग असो वा नसो, लिबलिबीत होते.

सातवा घाणा: ताग ०.५ आणि १ ग्रॅम, बाकी सगळं तेच. १५ मिलिमीटर रुंद पट्ट्या, खाली टांगलेल्या बाटलीत तुटेपर्यंत पाणी भरायचं, आणि प्रत्येक कडेचा भिंगातून फोटो.