उजव्या हाताचं बोट

९ सप्टेंबर २०२४, सोमवार. गणपती बसून दोनच दिवस झालेले, दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या, म्हणून ओपीडी तुरळक असेल असा माझा अंदाज होता. अक्का मात्र साडेनवालाच बाकावर येऊन बसल्या होत्या. विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, दोन रिक्षा बदलून.

अक्कांना एमडीआर टीबी. म्हणजे रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा क्षय. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. कोर्स अठरा ते वीस महिन्यांचा. मी नेहमीप्रमाणे वजन आणि ईसीजी बघायला घेतला, तोच त्यांनी कमरेच्या पिशवीतून चार घड्यांचं पेपरचं कात्रण काढून टेबलावर ठेवलं.

"पोरानं वाचून दाखवलं, मॅडम. सहा महिन्यांत बरं होतं म्हणे. मग मला अकरा महिने झाले की. मला का नाही दिलं?"

बातमी खरी होती. ६ सप्टेंबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या नव्या उपचाराला मान्यता दिल्याचं जाहीर केलं होतं.

मी सांगू लागले. बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानात याची चाचणी झाली. नव्या उपचारावर शंभरातल्या ८९ जणांना गुण आला, जुन्या पद्धतीवर ५२ जणांना. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत तो घेतला.

"म्हणजे माझ्या गोळ्या सुरू व्हायच्या आधीच ठरलं होतं."

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी ट्युनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा धातूचा काटा, काढला.

लिनेझोलिड अक्कांच्या कोर्समध्येही आहे. ते नसांना त्रास देतं, म्हणून दर महिन्याला आम्ही फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवतो आणि कंप थांबला की सांगायला लावतो. अक्का म्हणाल्या, "थांबलं." माझ्या चिमटीत तो अजून थरथरत होता. पाचव्या महिन्यात त्यांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. दिवसाला हजार विड्या वळणारी बाई सातशेवर आली. सहा महिने पुरे झाल्यावर मी डोस निम्मा केला, मग जरा उतार पडला.

त्या मुंग्यांचंच उदाहरण घेऊन मी पुन्हा सुरुवात केली. यातल्या मॉक्सिफ्लॉक्सासिन सोडून तीन औषधांची आधीची एक चाचणी दक्षिण आफ्रिकेत १०९ रुग्णांवर झाली, लिनेझोलिड रोज १२०० मिलिग्रॅम. बरे झाले ९० टक्के, पण नसांचा त्रास ८१ टक्क्यांना. पुढच्या चाचणीत एका गटाला ६०० मिलिग्रॅमच दिलं. यश ९१ टक्के आणि नसांचा त्रास २४ टक्क्यांवर. औषध तेच, डोस निम्मा. हे बसून मोजलं नसतं तर किती जणांच्या हातापायांवर बेतलं असतं!

आणि तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या जातीच्या औषधांना न जुमानणारा क्षय आपल्याकडे बराच आढळतो. माझे निम्मे रुग्ण चाळीस किलोच्या आतले, हिमोग्लोबिन आठ-नऊ, आणि लिनेझोलिड रक्तही कमी करतं. शिवाय पैसा सरकारी आहे. त्यासाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात २०१७ पासून उपचारांचं मूल्यमापन करणारी यंत्रणा आहे. ती गोळ्यांच्या किमतीवर थांबत नाही. तपासण्या, दुष्परिणामांवरचा खर्च आणि त्या बदल्यात माणसाला धडधाकट आयुष्याची किती वर्षं मिळतात, हे सगळं जुन्या उपचाराच्या शेजारी मांडून बघते. या चार औषधांचाही असा अभ्यास मान्यतेपूर्वी झाला. क्षय म्हटलं की मिरजेच्या सॅनेटोरियमचं नाव निघायचं त्या काळात, १९५० च्या दशकात, मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने घरी राहून घेतलेले उपचार सॅनेटोरियमइतकेच लागू पडतात हे दाखवून दिलं. अक्का आज स्वतःच्या घरी झोपतात त्या तेव्हाच्या तपासणीमुळे.

अक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडं चेकर बी विड्या मोजून घेतो. मोजायला पाहिजेच. पण मोजणारा वेगळा आणि भुर्दंड सोसणारा वेगळा असतोय, मॅडम."

हे मला आजही खोडता येत नाही. तपासणी हवी, आपल्या लोकांवर हवी, यावर मी ठाम आहे. पण डिसेंबर २०२२ ते सप्टेंबर २०२४ हा काळ मला फार वाटतो. रोग कुणासाठी थांबत नाही. अक्कांचे बेडके आता कल्चरमध्ये निगेटिव्ह येत होते, म्हणजे त्यांत क्षयाचे जंतू वाढत नव्हते, त्यामुळे अकराव्या महिन्यात उपचार बदलण्यात अर्थ नव्हता. तेही मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कात्रण घडी करून पिशवीत ठेवलं.

उठता उठता त्यांनी विचारलं, "हे तुमचं मोजणं चाललंय, त्यात माझी बोटं लिहिलीत का?"

मी फाइल उघडली. डोस निम्मा केल्याची नोंद होती. औषधाच्या दुष्परिणामाचा फॉर्म, जो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनपर्यंत जायला हवा, तो नव्हता. त्या दिवशी रांग मोठी असेल, मी नंतर भरू म्हटलं असेल. देशात लिनेझोलिडने किती जणांच्या नसांना त्रास झाला, या हिशेबात अक्का नव्हत्याच, आणि ते माझ्यामुळे.

"नाही लिहिलं, अक्का. चुकलं माझं. बसा."

बाहेर रांग होती तरी फॉर्म घेतला. वय, वजन, औषध, डोस, त्रास कधी सुरू झाला, डोस कमी केल्यावर काय झालं. अक्का वाकून बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही. मी काय लिहितेय ते मोठ्याने म्हणत गेले: दोन्ही पाय, डाव्या हाताची तर्जनी.

"डाव्या नव्हं," त्यांनी हात पुढे केला. "उजव्या. विडीचं तोंड ह्याच बोटानं मिटवते मी."

मी 'डाव्या' खोडून 'उजव्या' लिहिलं.