फॉर्म १ वरची पाच नावं

कंपनीच्या वकिलाने दोनच गोष्टी मागितल्या होत्या: प्रत्येक संशोधकाने लिहून दिलेलं असाइनमेंट, म्हणजे शोधाचा हक्क संस्थेच्या नावे केल्याचा कागद, आणि प्रयोगाची मूळ वही. आमच्या पेटंट अर्जाचं लायसन्स कुणी मागायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे विभागात पेढेसुद्धा वाटून झाले होते.

शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंटच्या फीमध्ये ८० टक्के सवलत आहे. तेव्हापासून आमच्या संस्थेच्या पेटंट सेलमध्ये नॅकच्या, म्हणजे संस्थेच्या मूल्यांकनाच्या, तोंडावर अर्जांची रांग लागते. सोबत फॉर्म ९ भरला की १८ महिने थांबावं लागत नाही, महिन्याभरात अर्ज प्रसिद्ध होतो आणि अहवालात 'पेटंट प्रसिद्ध' लिहिता येतं. तपासणीसाठीचा फॉर्म १८ भरायची आठवण मात्र मलाच करून द्यावी लागते.

वही आली. गंजरोधक लेपाचे प्रयोग, १४० पानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच अक्षर. एका पानावर लिहिलेलं: 'लेप पुन्हा सोलून निघाला.' पुढच्या पानावर: 'ओव्हन चुकून रात्रभर चालू राहिला. लेप टिकला!' खाली तापमान आणि तास. हेच आकडे आमच्या क्लेम १ मध्ये, म्हणजे अर्जातल्या पहिल्याच दाव्यात, आहेत. फॉर्म १ वर, म्हणजे मूळ अर्जावर, संशोधक म्हणून नावं पाच: गाईड, विभागप्रमुख, संचालक आणि आणखी दोन प्राध्यापक. वही लिहिणारी मुलगी त्यात नाही.

"अहो मॅडम, ती विद्यार्थिनी होती. कल्पना माझी," गाईड सर म्हणाले. माणूस वाईट नाही, मुलांसाठी रात्री नऊपर्यंत लॅबमध्ये थांबतो. मी ओव्हनचं पान पुढे केलं. बराच वेळ ते पानाकडेच बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "संचालकांचं नाव आता काढता येईल का हो?"

शोध नोकरीत लागला म्हणजे आपोआप मालकाचा, असं १९७० चा पेटंट कायदा म्हणत नाही. संशोधक लिहून देईल तेव्हाच हक्क संस्थेकडे येतो. आणि ही तर नोकरीतही नव्हती, उलट फी भरत होती.

तिला फोन केला. नाशिकला नोकरी करते. "रॉयल्टीचं राहू द्या, मॅडम. गेल्या वर्षी एका मुलाखतीत मी हे काम माझं म्हणून सांगितलं. त्यांनी समोरच पेटंटची साइट उघडून बघितलं."

मला काही सुचेना. तो अर्ज अपलोड मीच केला होता. पाचही सह्या जागेवर आहेत ना, एवढंच तपासलं. वही मागितली नव्हती.

पेटंट मंजूर व्हायच्या आत फॉर्म ८ भरून संशोधकाचं नाव घालता येतं. तो तयार करून कुलसचिवांकडे पाठवला. तिने विचारलं होतं, "आधी माझं नाव, की आधी असाइनमेंटवर सही?" मी म्हटलं, आधी नाव.

संध्याकाळी वरून निरोप आला: आधी तिची सही घ्या.