बोटीचं चाक जड झालं तेव्हा

मार्चचा शेवटचा आठवडा होता. वासोट्याला गेलेली सहा पोरं संध्याकाळी परत आणत होतो. बामणोली नजरेत आली, मी चाक उजवीकडे घेतलं आणि ते हातात नुसतं फिरत राहिलं. बोट वळली, पण निम्मीच. त्या दिवसांत शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी उतरायला लागलेलं असतं आणि काठाजवळ जुन्या झाडांचे बुंधे पाण्याच्या वितभर खाली येऊन बसतात. आमच्या आजोबांचं शेत त्याच पाण्याखाली आहे, त्यामुळे बुंधे कुठे आहेत ते घरात सगळ्यांना पाठ. मी लगेच मशीन न्यूट्रलला टाकलं, पोरांना खाली बसून राहायला सांगितलं आणि शेजारून जाणाऱ्या बोटीला हात केला. त्यांनी दोरी लावून ओढत आणलं. कुणाला काही झालं नाही, पण रात्री मला झोप आली नाही.

माझी फायबरची बोट, मागे बाहेरून बसवलेलं ६० हॉर्सपॉवरचं मशीन, म्हणजे आउटबोर्ड. दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली तेव्हा तिला हायड्रॉलिक स्टेअरिंग आहे याचंच मोठं कौतुक वाटलं होतं. चाकामागे एक छोटा पंप. चाक फिरवलं की तो दोनपैकी एका पाइपातून तेल ढकलतो आणि दुसऱ्यातून परत घेतो. मशीनच्या पुढ्यात एक आडवा रॉड असतो, तो जागचा हलत नाही. त्याच्यावर सिलिंडर डावी-उजवीकडे सरकतो आणि मशीनला वळवतो. पंपात झडपा असतात, म्हणून चाकावरचा हात काढला तरी मशीन आहे तिथेच राहतं. इतकंच यंत्र. पण ते बंद डब्यासारखं असल्यामुळे आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही, आणि माझी फसगत तिथेच झाली.

खरं तर चाक दिवाळीनंतरच जड व्हायला लागलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधी पाच फेरे लागायचे, ते सहावर गेले. पंपाचं झाकण उघडून पाहिलं तर तेल खाली गेलेलं. भरलं. पंधरा दिवसांनी पुन्हा कमी. पुन्हा भरलं. तेल जातंय कुठे हे न बघता नुसतं भरत राहणं ही माझी पहिली चूक. दुसरी चूक त्याहून मोठी. बोटीच्या स्टेअरिंगचं तेल संपलं होतं, हाताशी जेसीबीचं हायड्रॉलिक तेल होतं, तेच ओतलं. ते ६८ नंबरचं, म्हणजे दाट. या पंपाला साधारण १५ नंबरचं, पाण्यासारखं पातळ तेल लागतं. दाट तेलानं चाक आणखी जड झालं. सकाळच्या थंडीत तर दोन्ही हात लावावे लागायचे, आणि मला वाटायचं पंपच गेला.

एका ओळखीच्या गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल टाकायचा सल्ला मिळाला होता. बाटलीही घेतली होती. नशिबानं ओतायच्या आधी बोटीबरोबर आलेलं कंपनीचं पुस्तक काढून वाचलं. त्यात ब्रेक ऑइल कधीही टाकू नये असं ठळक छापलंय, कारण त्यानं आतली रबरी सीलं फुगतात आणि मऊ पडतात. तुमच्याकडे असलं स्टेअरिंग असेल तर एवढी गोष्ट मात्र कृपा करून लक्षात ठेवा.

बोट बाहेर काढल्यावर मी सिलिंडर साबणाच्या पाण्यानं धुतला, कोरडा पुसला, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि थोरल्या भावाला चाक दोन्हीकडे टोकापर्यंत दाबून धरायला सांगितलं. डाव्या बाजूच्या सीलमधून तेलाचा थेंब आला, मग दुसरा. पंपाच्या मागे आणि पाइपांच्या जोडांवर कोरडं होतं. पाच महिने जे शोधायला हवं होतं ते दहा मिनिटांत सापडलं. रॉडवर लाल गाळाचा वाळलेला थर होता. पाणी उतरलं की चिखलातून बोट ढकलावी लागते, तोच हा गाळ. तो थर घेऊनच सिलिंडर सरकायचा आणि सीलची कड खायचा.

सील किट मागवून यायला आठ दिवस गेले. तोवर सिलिंडर काढून साताऱ्याला एमआयडीसीतल्या हायड्रॉलिकच्या मिस्त्रींकडे नेला. त्यांनी रॉडवरून अंगठ्याचं नख फिरवलं. “नख अडकत नाही. रॉड चांगला आहे. खड्डा असता तर नवीन सील महिनाभरपण टिकलं नसतं.” आणि मग म्हणाले, “पण गाळानं एवढ्या लवकर जात नाही हे. प्रेशर जास्त येतंय कुठून तरी.” मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात सीलच होतं.

किट आलं. सील बदललं, सिलिंडर परत चढवला. पाइप जोडताना भावानं टेफ्लॉनची टेप काढली, मी थांबवलं. टेपचे तुकडे तेलात जाऊन झडपेत अडकतात, तिथे पेस्टच लावायची. मग एअर, म्हणजे तेलात अडकलेली हवा, काढायचं काम. हे एकट्यानं होत नाही. तेलाची बाटली नळीनं पंपाच्या तोंडाला उलटी लावली. चाक एका टोकाला नेलं, त्या बाजूचा सिलिंडरवरचा निपल, म्हणजे हवा सोडायचं छोटं तोंड, उघडला, त्यावर पारदर्शक नळी बसवून खाली डबा ठेवला. भावानं सिलिंडर सरकू नये म्हणून धरला आणि मी चाक उलट दिशेला सावकाश फिरवत राहिलो. आधी काळपट दाट तेल आलं, मग फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ पातळ धार. धार चालू असतानाच निपल बंद केला. चाक थांबवून निपल बंद करायला गेलात तर एअर परत आत जाते. मग दुसरी बाजू तशीच. जुनं दाट तेल पूर्ण जायला हवं होतं म्हणून दोन्ही बाजू तीन-तीन वेळा केल्या. तेलाबरोबर पांढरे धागे बाहेर आले. ती जुन्या टेपची चिंधी होती, आधी कुणीतरी लावलेली. चाक मधेच हातातून सुटल्यासारखं का व्हायचं, त्याचं निदान एक कारण मिळालं.

एअर राहिली का हे बघायची सोपी रीत आहे. चाक टोकाला नेऊन आणखी दाबायचं आणि दुसऱ्यानं पंपाच्या तोंडातून तेलाची पातळी बघायची. पातळी खाली गेली तर आत अजून हवा आहे, कारण तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. आमची पातळी हलली नाही. फेरेही पुन्हा पाच झाले.

पण चाक जडच.

मी मटकन खालीच बसलो. नवीन सील, नवीन तेल, एअर काढलेली, आता पंपच बदलायचा म्हणजे किती पैसे, याचा हिशेब करत होतो. तेवढ्यात तात्या आले. तात्या म्हणजे माझे चुलते, वय सत्तरच्या पुढे. आयुष्यभर मागे बसून मशीनचा दांडा हातानं धरून बोट चालवलेला माणूस. त्यांनी चाकाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मागे गेले.

“ह्यो सिलिंडर मशीनपास्नं सोडव आधी.”

मी जोडणीचा बोल्ट काढला. चाक एका बोटानं फिरलं, सिलिंडर लोण्यासारखा सरकला. तात्यांनी मशीनला दोन्ही हात लावून ढकललं. ते जागचं हलेना.

“आरं, मशीनच आखडलंया. तू पंपाला कशाला बोल लावतोस? हातात दांडा असता तर तुला पहिल्याच दिशी कळलं असतं.”

मशीन ज्या उभ्या दांड्यावर फिरतं त्याचं ग्रीस वाळून दगड झालं होतं. मी दोन वर्षांत तिथे ग्रीस गन लावली नव्हती. ते निपल खाली वाकून बघितल्याशिवाय दिसतही नाही. मशीन आखडत गेलं, पंप जास्त जोर लावत गेला, तेलाचं प्रेशर वाढलं, आणि गाळानं आधीच झिजलेलं सील त्यात गेलं. मिस्त्री हेच सांगत होते. दांड्याची बोट असती तर हाताला कळ लागली असती. हायड्रॉलिकनं ती कळ मला लागूच दिली नाही.

ग्रीस आत जाईना. निपल काढून तारेनं साफ केलं, गंज सोडवायचं तेल मारलं, जुन्या कपड्यांवर गरम पाणी ओतून शेक दिला आणि मशीन हातानं इकडून तिकडे हलवत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या फटीतून तपकिरी चघळ बाहेर यायला लागलं आणि शेवटी ताजं निळं ग्रीस दिसलं. तात्या तोवर बांधावरून हलले नाहीत.

सिलिंडर जोडायच्या आधी मी मशीन एका हातानं दोन्हीकडे फिरवून बघितलं. आता दर महिन्याला तसंच करतो. बोल्ट काढून मशीन हातानं, मग चाक सुटं. कुठलं जड आहे ते वेगळं कळतं. रोज संध्याकाळी रॉड ओल्या फडक्यानं पुसतो. ॲसिटोन किंवा थिनर सीलला लागू देत नाही. जास्तीची तेलाची बाटली, पाना आणि एक वल्हं बोटीतच असतं.

मे महिन्यात पाणी पार खाली गेलं तेव्हा संगमापर्यंत तात्यांना घेऊन गेलो. परत येताना त्यांनी स्वतःहून चाक मागितलं. बुंध्यांमधून बोट काढताना त्यांचा एकच हात चाकावर होता. काठाला लागल्यावर ते मागे गेले आणि सिलिंडरखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर बोट फिरवून बघितलं. कागद कोरडा होता.